विश्लेषण : धुरंधरांच्या चित्रांतल्या लुगड्यातल्या बायका कोण होत्या?

पुणे-सोलापूर महामार्गावर टेंभुर्णीला पंढरपूरचा रस्ता फुटतो. आषाढी-कार्तिकीच्या दिवसांत या फाट्यावर चहाला थांबणाऱ्या गाड्यांतून बायका उतरतात, तेव्हा तीन पिढ्यांचा पेहराव एका नजरेत दिसतो. आजी लुगड्यात, सून सहावारीत आणि नात सलवार-कमीज किंवा जीन्समध्ये. रोज लुगडे नेसणाऱ्या बायका वर्षागणिक कमी होत आहेत. स्नेहसंमेलनात आणि लग्नाच्या हळदीत ‘नऊवारी’ दिसते खरी, पण ती बहुधा शिवलेली असते. ती नेसावी लागत नाही, सुरवारीसारखी चढवायची आणि नाडी बांधायची. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी कोणत्या घरातली, कोणत्या कामाची बाई लुगडे कसे नेसत होती, कासोटा कुठे खोचत होती, पदर कुठून घेत होती, हे आज रंगांत पाहायचे असेल तर एका चित्रकाराकडे हमखास जावे लागते. रावबहादूर महादेव विश्वनाथ धुरंधर. त्यांनी अशा शेकडो बायका काढल्या. त्यांच्या चित्रांखाली जात सापडते, धंदा सापडतो, प्रांत सापडतो. बाईचे नाव मात्र क्वचितच सापडते. असे का झाले, हे समजून घ्यायचे तर धुरंधरांचे आयुष्य आणि ज्या काळात ते चित्रे काढत होते तो काळ, दोन्ही पाहावे लागतात.

धुरंधर कोण होते?

धुरंधरांचा जन्म १८ मार्च १८६७ रोजी कोल्हापुरात झाला. घराणे पाठारे प्रभूंचे, म्हणजे मुंबईतल्या जुन्या आणि इंग्रजी शिक्षणात लवकर पुढे आलेल्या समाजाचे. शालेय शिक्षण कोल्हापुरात झाले आणि जानेवारी १८९० मध्ये ते मुंबईच्या सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळेत, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेल्या ‘जे. जे.’मध्ये दाखल झाले. तेव्हा त्यांचे वय बावीस होते. त्यानंतर १९३१ च्या जानेवारीपर्यंत, विद्यार्थी आणि मग शिक्षक म्हणून, ते त्याच संस्थेत राहिले. निवृत्तीनंतर लिहिलेल्या आठवणींना त्यांनी ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’ असे नाव दिले. हे पुस्तक १९४० मध्ये प्रसिद्ध झाले. मुंबईच्या कलाशिक्षणाचा इतिहास लिहिणाऱ्याला आजही ते टाळता येत नाही.

जे. जे.चे प्राचार्य तेव्हा जॉन ग्रिफिथ्स होते. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती विद्यार्थ्यांकडून वर्षानुवर्षे करून घेणारे हेच ते ग्रिफिथ्स. शिक्षणाची पद्धत लंडनच्या साउथ केन्सिंग्टनच्या धर्तीवर होती : आधी रेघ, मग प्लास्टरच्या पुतळ्यांवरून छायाप्रकाश, मग जिवंत माणूस. मात्र विषय इथल्या लोकजीवनातले घ्यावेत, असा ग्रिफिथ्स यांचा कल होता. धुरंधरांना तो मानवला. त्यांच्याकडे हात होताच, शिवाय घरातल्या आणि रस्त्यावरच्या माणसांकडे पाहण्याची भूकही होती. बॉम्बे आर्ट सोसायटीच्या प्रदर्शनात १८९५ मध्ये त्यांच्या चित्राला सुवर्णपदक मिळाले. चित्राचे नाव इंग्रजी, ‘हॅव यू कम, लक्ष्मी?’, आणि विषय घरातल्या बाईचा. हा योग पुढच्या पन्नास वर्षांच्या कामाची चाहूल देणारा होता. चित्र मराठी घरातले आणि मथळा इंग्रजी पाहुण्यासाठी.

पुढच्याच वर्षी ते जे. जे.मध्ये शिकवू लागले. नंतर हेडमास्तर झाले, आणि १९३० मध्ये काही काळ संस्थेच्या संचालकपदाची सूत्रेही त्यांच्याकडे आली. त्या खुर्चीवर बसणारे ते पहिले भारतीय मानले जातात. ग्रिफिथ्स गेले, सेसिल बर्न्स आले, बर्न्स गेले, ग्लॅडस्टन सॉलोमन आले. साहेब बदलत राहिले आणि वर्गात धुरंधर शिकवत राहिले. ‘रावबहादूर’ ही पदवी सरकारने दिली, पण ज्या पदाला ते सर्वार्थाने लायक होते ते पद निवृत्तीच्या उंबरठ्यावर आणि थोडक्या काळासाठी मिळाले. धुरंधर याबद्दल कडवट झाले नाहीत. त्यांच्या स्वभावातच ते नव्हते. सरकारी चाकोरीतल्या माणसाची शिस्त आणि हजारो रेखाटने करणाऱ्याची घाई, या दोन्ही गोष्टी त्यांच्यात सुखाने नांदत होत्या.

‘अमक्या जातीची तरुणी’ असे चित्र काढण्याची रीत कुठून आली?

ही रीत धुरंधरांनी सुरू केली नाही. १८५७ नंतर ब्रिटिश सरकारला आपण ज्यांच्यावर राज्य करतो ते लोक नेमके कोण आहेत, याची नोंद हवी होती. ‘द पीपल ऑफ इंडिया’ हा छायाचित्रांचा आठ खंडांचा ग्रंथ १८६८ ते १८७५ या काळात निघाला. त्याआधी विल्यम जॉन्सन या छायाचित्रकाराने मुंबईतल्या जातीजमातींचे दोन खंड काढले होते. पगडी, दागिना, नेसण, हातातले अवजार यांवरून माणूस ओळखायचा आणि त्याला कप्प्यात ठेवायचे, ही त्यामागची दृष्टी. इंग्रजीत अशा चित्राला ‘टाइप’ म्हणत. मराठीत ‘नमुना’ म्हणता येईल, आणि हा शब्द जरा टोचतो तो बरोबरच आहे.

मात्र याला केवळ साहेबाचा कावा म्हणून चालणार नाही. युरोपातही तेव्हा तेच चालले होते. कार्पेथियन पर्वतात, आजच्या पश्चिम युक्रेनच्या भागात, हुत्सुल नावाचे डोंगरी लोक राहतात. तेओदोर आक्सेंतोविच, काझिमिएझ सिखुल्स्की यांच्यासारखे शहरातले पोलिश चित्रकार एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून हुत्सुल माणसे रंगवू लागले. भरतकामाची कुडती, मेंढीच्या कातड्याचे बिनबाह्यांचे जाकीट, गळ्यात पोवळ्यांच्या माळा आणि चित्राखाली ‘हुत्सुल तरुणी’ एवढेच. गिरण्या आणि रेल्वे आल्यावर खेड्यांतले पेहराव आपल्या डोळ्यांदेखत जाणार, हे शहरातल्या कलावंतांना जाणवले होते. त्यात कळकळ होती आणि बाजारही होता. अशी चित्रे शहरात विकली जात.

भारतात राजा रविवर्मा यांनी या विषयाला वेगळेच वळण दिले. ‘गॅलक्सी ऑफ म्युझिशियन्स’ या १८८९ च्या चित्रात त्यांनी अकरा स्त्रिया आपापल्या प्रांताच्या पेहरावात एकत्र बसवल्या. वेगवेगळ्या कप्प्यांतल्या बायका एका बैठकीत आणणे, ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती. पुढे १९०५ मध्ये प्रिन्स आणि प्रिन्सेस ऑफ वेल्स मुंबईला आले, तेव्हा प्रिन्सेसला, म्हणजे पुढच्या राणी मेरीला, नजर करण्यासाठी एम. एफ. पिठावाला या पारशी चित्रकाराकडून भारतीय स्त्रियांच्या चित्रांचा आल्बम करून घेण्यात आला. धुरंधर या रांगेतले सर्वांत कामसू चित्रकार.

‘विमेन ऑफ इंडिया’ हे पुस्तक काय आहे?

ऑटो रॉथफेल्ड या आयसीएस अधिकाऱ्याने लिहिलेले हे पुस्तक १९२० मध्ये निघाले. मुंबईच्या तारापोरवाला या प्रकाशनसंस्थेचे नाव त्याच्याशी जोडलेले आहे. मजकूर रॉथफेल्ड यांचा आणि जवळपास पन्नास रंगीत चित्रे धुरंधरांची. पुस्तकाची मांडणीच बोलकी आहे. खानदानी स्त्रिया एका प्रकरणात, मध्यमवर्गीय दुसऱ्यात, कष्टकरी आणि आदिवासी तिसऱ्यात, नाचणाऱ्या स्त्रिया स्वतंत्र प्रकरणात, आणि एक प्रकरण खास पोशाखावर. मुंबईची कोळीण, भिल्ल तरुणी, गोंड स्त्री, केरळची नायर स्त्री, निलगिरीतली तोडा स्त्री, सह्याद्रीच्या घाटातली रहिवासी अशा एकेका बाईला एकेक पान.

रॉथफेल्ड हे या बाबतीत एकटे नव्हते. मुंबईचे पोलीस आयुक्त राहिलेले एस. एम. एडवर्ड्स यांचे ‘बाय-वेज ऑफ बॉम्बे’ १९१२ मध्ये निघाले, त्यातली चित्रे धुरंधरांची. सी. ए. किंकेड यांनी श्रावणातल्या वारांच्या कहाण्या इंग्रजीत सांगितल्या, ते ‘डेक्कन नर्सरी टेल्स’ १९१४ चे, त्यातली चित्रेही धुरंधरांचीच. तिघेही लेखक आयसीएस. दिवसा कचेरीत आणि रात्री लेखणी हातात, असा हा वर्ग होता आणि त्यांना हवा असलेला ‘देशी’ डोळा धुरंधरांकडे होता.

या पुस्तकांचा वाचक कोण, हे लक्षात घेतले पाहिजे. १९२१ च्या जनगणनेत देशातील स्त्रियांची साक्षरता दोन टक्क्यांच्याही आत होती, आणि ही पुस्तके तर इंग्रजी. म्हणजे ज्या कोळणीचे, ज्या घाटावरच्या बाईचे चित्र छापले गेले, तिने ते पान उलटून पाहिले असण्याची शक्यता जवळजवळ नाही. तिच्याबद्दल काय लिहिले आहे ते तर सोडूनच द्या.

मग या चित्रांचे मोल कशात?

तपशिलात. नऊ वारांचे, म्हणजे सुमारे सव्वाआठ मीटरचे लुगडे हे एकच वस्त्र. पण नेसण्याची पद्धत बदलली की बाईचे घर आणि काम दोन्ही कळत. ब्राह्मणी नेसणीत निऱ्या आणि काठ घोट्यापर्यंत उतरतात, पोटऱ्या झाकल्या जातात, ओचा नीट दिसतो. शेतात वाकून काम करणारी बाई तेच लुगडे वर ओढून नेसते, कासोटा घट्ट असतो, कारण चिखलात उतरायचे असते आणि भारा डोक्यावर घेऊन बांध ओलांडायचा असतो. कोळणीचे नेसणे त्याहून आटोपशीर, गुडघ्याच्या वर, पाण्यात आणि होडीत चालेल असे. गुजराती बाईचा पदर मागून उजव्या खांद्यावरून पुढे येतो. पारशी बाई डोक्याला पांढरा माथाबाना बांधते. लुगड्याखाली परकर लागत नाही, पण सहावारी आली तसा परकर आला आणि चालण्याची ढबही बदलली. टांग टाकून चालणारी बाई आणि पाऊल मोजून टाकणारी बाई, यांत कापडाचाही हात असतो.

धुरंधरांना हे कळत होते. त्यांच्या चित्रातली वस्त्रे अंगावर चिकटवल्यासारखी वाटत नाहीत. वजन कोणत्या पायावर आहे त्याप्रमाणे निऱ्या पडतात, हात वर गेला की चोळीच्या बाहीला चुण्या पडतात, कमरेवर कळशी किंवा मूल असेल तर कंबर तेवढी बाहेर येते. आकृतिचित्रणावरची त्यांची पकड ही जे. जे.त शिकवण्याची बाब होती आणि विद्यार्थ्यांच्या पिढ्या त्यावर वाढल्या. भराभर रेखाटन करायचे, कोपऱ्यात सही करायची आणि अनेकदा तारीखही घालायची, ही त्यांची सवय अभ्यासकांच्या आज फार उपयोगी पडते.

दुसरे मोल रंगांचे. त्या काळातली छायाचित्रे भरपूर आहेत, पण ती काळीपांढरी. चंद्रकळेचा काळा आणि गर्द हिरव्याचा काळा छायाचित्रात सारखाच उतरतो. खणाच्या चोळीचा रंग, काठाचा तांबडा, कुंकवाची चिरी, नथीतला मोती आणि माणिक यांतला फरक जलरंगात कळतो. सोलापुरात १८७७ मध्ये पहिली कापडगिरणी सुरू झाली. सोलापूरच्या मागांवरची लुगडी महाराष्ट्रभर जात. गिरणीचे कापड आणि विलायती रासायनिक रंग गावोगाव पोहोचत होते, त्याच काळात ही चित्रे झाली. त्यामुळे त्यांतला रंग हा नुसता चित्रकाराच्या आवडीचा नाही, त्यात बाजारपेठही दिसते. मात्र छपाईत रंग बदलतात, हे विसरून चालत नाही. पुस्तकातल्या पानावरून अमुक छटा अमुकच होती, असे छातीठोकपणे सांगणे धाडसाचे ठरेल.

चित्रासाठी समोर बसायचे कोण?

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी मुंबईत चित्रकारासमोर बसायला स्त्री मिळणे सोपे नव्हते. पांढरपेशा घरातली बाई परक्या पुरुषासमोर तासन्‌तास बसणार नाही, आणि पैसे घेऊन बसणाऱ्या बाईकडे लोक कोणत्या नजरेने पाहत, हे सांगायला नको. खुद्द जे. जे.त नग्न देहावरून अभ्यासाचा वर्ग सुरू झाला तो सॉलोमन यांच्या काळात, १९१९ नंतर, आणि त्यावर बराच गदारोळ झाला.

धुरंधरांपुढे दोन वाटा होत्या. एक रस्त्याची. बाजार, मंदिर, समुद्रकिनारा, लग्नाची वरात, जिथे माणसे दिसतील तिथे वही काढायची. दुसरी घरची. पहिल्या पत्नी अकाली गेल्यावर त्यांचे दुसरे लग्न झाले. या दुसऱ्या पत्नी गंगूबाई. धुरंधरांनी त्यांना पुन्हा पुन्हा रेखाटले. या रेखाटनांत आणि पुस्तकांतल्या ‘नमुन्यां’त मोठा फरक आहे. पुस्तकातली बाई पाहणाऱ्यासाठी उभी असते. गंगूबाई कुणासाठी उभ्या नाहीत, त्या आपल्या कामात आहेत किंवा विसावल्या आहेत. पाठारे प्रभूंच्या घरातले सणवार, बायकांचे हळदीकुंकू, देवघर हे सगळे धुरंधर बाहेरून पाहत नव्हते. त्यांच्या घरगुती चित्रांत जी ऊब आहे ती यातून आली. आदिवासी स्त्रियांच्या चित्रांत ती नाही, आणि असण्याचे कारणही नाही. तिथे ते पाहुणेच होते.

आक्षेप कोणते आहेत?

पहिला आक्षेप चेहऱ्यांचा. वेगवेगळ्या प्रांतांतल्या, जातींतल्या स्त्रिया धुरंधरांनी काढल्या, पण कित्येकदा चेहरा एकच. भरलेली हनुवटी, मोठे डोळे, किंचित कललेली मान. लुगडे बदलते, बाई बदलत नाही. कोळीण पाटीखाली वाकलेली असली तरी थकलेली दिसत नाही, मजुरणीच्या टाचांना भेगा नाहीत. कष्ट चित्रात आहेत, पण त्यांची झळ नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो टाळता येणार नाही. १९०३ च्या सुमारास धुरंधरांची रंगीत पोस्टकार्डे निघाली. त्यांतली काही निव्वळ गमतीची, पण काहींमध्ये मोलकरीण किंवा रस्त्यावरून जाणारी तरुणी लाडिक, नखरेल दाखवली आहे. टपालातून विलायतेपर्यंत जाणाऱ्या या कार्डांवर गरीब बाई ही साहेबाच्या करमणुकीची वस्तू झाली. तोच हात, तीच रेषा आणि तीच लुगड्याची अचूक समज. उपयोग मात्र हलका. धुरंधरांच्या चाहत्यांना हे आवडणार नाही, पण पोस्टकार्डे आणि पुस्तकांतली चित्रे एकाच कारखान्यातून निघत होती हे मान्य केल्याशिवाय त्यांचे मोठेपणही नीट सांगता येत नाही.

तिसरा आक्षेप काळाने घेतला. बंगालमध्ये हॅवेल आणि अवनींद्रनाथ टागोर यांच्या प्रभावाने भारतीय शैलीचा शोध सुरू झाला, तेव्हा मुंबईची वास्तववादी चित्रकला ही साहेबाची नक्कल ठरवली गेली. पुढे स्वातंत्र्यानंतरच्या आधुनिक चित्रकारांना ती जुनाट वाटली. म्हणजे एका बाजूला पुरेशी भारतीय नाही आणि दुसऱ्या बाजूला पुरेशी नवी नाही. शिवाय धुरंधरांनी पुस्तके, पोस्टकार्डे, जाहिराती, जे येईल ते काम केले. ‘इलस्ट्रेटर’ हा शब्द आपल्याकडे कमीपणाने वापरण्याची खोड जुनी आहे. औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींच्या संग्रहात त्यांची चित्रे गेली आणि नवी दिल्लीच्या सचिवालयाच्या सजावटीत त्यांचा सहभाग होता, तरीही नव्या पिढीच्या कलाचर्चेत त्यांचे नाव मागे पडले. १ जून १९४४ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

नाव असलेली बाई चित्रात कधी आली?

धुरंधरांच्या घरातच आली, पण वेगळ्या वाटेने. त्यांची मुलगी अंबिका १९१२ मध्ये जन्मली, जे. जे.त शिकली आणि १९३१ मध्ये पदविका घेऊन बाहेर पडली. ज्या वर्षी वडील निवृत्त झाले, त्याच वर्षी. तिने ऐतिहासिक आणि पौराणिक विषयांवर मोठी चित्रे केली, प्रदर्शने केली, वडिलांचे काम जपले आणि ‘माझी स्मरणचित्रे’ या नावाने आठवणी लिहिल्या. २००९ मध्ये, सत्त्याण्णवाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर, त्या गेल्या. वडील बायकांची चित्रे काढत होते. मुलीने कोपऱ्यात स्वतःची सही केली.

टेंभुर्णीहून ज्या पंढरपूरला रस्ता जातो, त्या पंढरपुरात १९१५ मध्ये जन्मलेल्या मकबूल फिदा हुसेन यांची गोष्ट याच्या नेमकी उलटी आहे. हुसेन तान्हे असतानाच आई गेली. तिचे एकही छायाचित्र त्यांच्याकडे नव्हते. त्यांच्या मदर तेरेसांच्या चित्रांत पांढरी, निळ्या काठांची साडी असते आणि चेहऱ्याच्या जागी पोकळी, याचा संबंध या न पाहिलेल्या चेहऱ्याशी जोडला जातो. तिथे आईचे नाव होते, चेहरा नव्हता. धुरंधरांच्या कोळणीला चेहरा आहे, नाव नाही.

आणि तरीही, ओळख पटली म्हणून भागते असेही नाही. धुरंधर शिकवत होते त्या काळात, १९०३ मध्ये, सावंतवाडीचा सावळाराम लक्ष्मण हळदणकर नावाचा विद्यार्थी जे. जे.त आला. याच हळदणकरांनी १९४५-४६ मध्ये जलरंगात एक चित्र केले : साडीतली तरुणी, एका हातात दिवा, दुसऱ्या हाताचा आडोसा, बोटांमधून झिरपणारा तांबूस उजेड. ‘ग्लो ऑफ होप’ या नावाने ते ओळखले जाते. समोर दिवा घेऊन उभी होती त्यांची मुलगी गीता. हे चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातील संग्रहालयात आहे. रविवर्म्यांची ‘गॅलक्सी ऑफ म्युझिशियन्स’ही त्याच संग्रहालयात आहे, आणि कितीतरी लोक हळदणकरांचे चित्रही रविवर्म्यांचेच समजून घरी परततात. कॅलेंडरांवर, किल्ल्यांच्या साखळ्यांवर, हॉटेलांच्या भिंतींवर ते चित्र पोहोचले, त्या प्रवासात आधी चित्रकाराचे नाव गळले आणि मग मुलीचे.

आज या चित्रांकडे कसे पाहिले जाते?

गेल्या दोन दशकांत धुरंधरांकडे पुन्हा लक्ष गेले आहे. २०१८ मध्ये मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात ‘द रोमँटिक रिअलिस्ट’ या नावाने त्यांच्या कामाचे मोठे प्रदर्शन झाले. तैलचित्रे, जलरंग, पोस्टकार्डे आणि रेखाटनांच्या वह्या एकत्र पाहायला मिळाल्याने, पुस्तकांतल्या छापील पानांवरून बनलेले मत अनेकांना बदलावे लागले. छापील ‘नमुना’ ताठ उभा असतो. पेन्सिलीच्या रेखाटनातली बाई वळते, खाजवते, जांभई देते. वेशभूषाकार, ऐतिहासिक चित्रपट आणि मालिका करणारे, वस्त्रांचे अभ्यासक हे या चित्रांचे नवे गिऱ्हाईक आहे. कासोट्याची घडी कशी, पदराचे टोक कुठे, याची शहानिशा तिथे करता येते. तिथेही एक धोका आहेच. धुरंधरांनी सुबक करून ठेवलेली बाई हीच जुनी मराठी बाई, असे पडद्यावर ठरून जाते, आणि मग गिरणीत किंवा शेतात राबणारी पात्रेही इस्त्रीच्या लुगड्यात वावरतात.

त्याच २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये ‘ग्लो ऑफ होप’मधली ती तरुणी, म्हणजे गीता उपळेकर, वयाच्या १०२ व्या वर्षी निवर्तली. वर्तमानपत्रांनी तिच्या नावानिशी बातमी छापली, सोबत दिव्याचे ते चित्रही छापले. ती राहत होती कोल्हापुरात, धुरंधरांच्या जन्मगावी.